कुमुदबाईंच्या खोलीतली खुर्ची

कुमुदबाई कुणाच्याही घरात पहिल्यांदा शिरल्या की उंबऱ्याच्या आत उभ्या राहून टाळी वाजवायच्या. एकच. मग मान वाकडी करून थांबायच्या, कोंबडी दाणा टिपायच्या आधी थांबते तशा. "भिंती फार बोलतात हो तुमच्या," असं घरच्या बाईला सांगायच्या आणि मगच बसायच्या. गावातल्या बायकांना आधी वाटलं, हिच्या अंगात येतं. सरपंचाच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीलासुद्धा बाईंनी भर हॉलमध्ये टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "इथे माणूस एक बोलेल आणि दोन ऐकू येतील." सरपंचाची बायको त्या बोलण्याचा अर्थ अजून लावते आहे.

बाई यंदा दिवाळीनंतर वारल्या, ठाण्याला, भाच्याच्या घरी. मला किराणावाल्यानं सांगितलं, तेही साखर बांधता बांधता. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. अर्धा जन्म रसायनीच्या कारखान्यात गेला, अर्धा भाताच्या खाचरात. तोंडाचा फटकळ म्हणून लोक मला ओळखतात. पण बाईंचा विषय निघाला की माझं तोंड उघडत नाही. लाज वाटते. म्हणून लिहितो आहे. लिहिताना मान खालीच असते, ते एक बरं.

आमचं गाव लोधिवलीच्या मागं, जुन्या रस्त्यापासून आत. माझ्या खाचराला लागून प्लॉट पाडले, त्यातला कडेचा बाईंनी घेतला. मुंबईला बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या, लग्न केलेलं नाही, रिटायर होऊन इथं आल्या. घर बांधलं ते अजबच. पुढं दोन खोल्या माणसांच्या घरासारख्या आणि मागं एक मोठी खोली, जाड भिंतींची, एका खिडकीची. आत भिंतीला गोधड्यांसारखं काहीतरी ठोकलेलं. माझी बायको हिरा तेव्हा होती. ती म्हणाली, "गोडाऊन हाय ते. बाई तांदळाचा धंदा करनार बघा." मग टेंपोतून माणसाच्या छातीएवढ्या दोन काळ्या पेट्या उतरल्या. हिरा बघून आली आणि म्हणाली, "एवडी मोठी पेटी, नि आत भात नाय का डाळ नाय. निस्ता आवाज हाय म्हनं."

नुसता आवाज. बाईंचं सगळं त्यातच होतं. त्यांच्याकडं तबकड्या वाजवायचं एक जड मशीन होतं, ताकद देणारं दुसरं, आणि त्या दोन पेट्या. ही तीन एकमेकांना जुळवत बसायचं हेच बाईंचं काम. आमच्यात पोरगी दाखवायला आणतात आणि पत्रिका जुळत नाही म्हणून परत पाठवतात, तशी त्यांच्याकडं मशीनं यायची आणि जायची. मशीनाचं कुळ विचारायच्या, स्वभाव विचारायच्या. "तबकडीचं मशीन तल्लख आहे माझं, दामूभाऊ," त्या मला कुंपणावरून सांगायच्या. "त्याला पुन्हा तल्लखच पेट्या दिल्या तर घरात रोज कचाकचा. एक तापट असेल तर दुसरं सोशीक हवं. महागातलं महाग आणून एका खोलीत कोंबलं म्हणजे संसार होत नाही."

मी फटकळ. एकदा विचारून टाकलं, "बाई, येवडी जोडी जुळवता मशनींची, मंग तुमी सवताचं का नाय जुळवलंत?"

बाईंना राग आला नाही. "बघायला आले ते सगळे बोलणारे आले, दामूभाऊ. ऐकणारा एकही नाही आला."

पनवेलचा एक दुकानदार भलंमोठं मशीन गाडीत घालून दाखवायला आला होता. कोट घातलेला. "मॅडम, ह्याची पॉवर बघा, अख्खं गाव ऐकेल." बाईंनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाल्या, "गावानं ऐकावं असं मला वाटलं असतं तर मी भोंगा घेतला असता. हे मशीन माझ्या पेट्यांवर ओरडेल. मला त्यांच्याशी बोलणारं हवंय." तो गेला तेव्हा मला म्हणाला, "काका, बाईंचं डोकं ठीक आहे ना?" मी म्हणालो, "तुमचं मशीन तेवडं ठीक नाय, ते घेऊन जा."

त्यांचं एकच हाडवैर झालं, पीठगिरणीशी. गिरणी गावाच्या तोंडाला, पण वीज दोघांची एकाच डीपीतली. गिरणीची मोटार सुरू झाली की बाईंच्या पेट्यांत भुंगा शिरायचा. पहिल्या दिवशी बाई तणतणत गिरणीवर गेल्या. बायका डबे घेऊन रांगेत. गिरणीवाला पांडू पिठानं पांढरा झालेला. बाई म्हणाल्या, "तुमच्या मोटारीमुळे माझं गाणं खराब होतं."

पांडू म्हणाला, "आन तुमच्या गान्यानं माझं दळन बंद झालं तर लोकं भाकरी कशाची खातील? सुराची?"

रांग खोखो हसली. बाईही हसल्या, तिथंच, सगळ्यांबरोबर. मग दोघांत ठरलं. दुपारच्या जेवणानंतर पांडू झोपतो, तेवढा वेळ गाणं. त्याच्या आधी आणि नंतर दळण. हळूहळू गावाला सवय लागली. कुणी दुपारी डबा घेऊन निघालं की दुसरी म्हणायची, "आता नाय गं, आता बाईंचं चाललंय."

मशीनांवरचे बारके दिवेसुद्धा त्यांना खपायचे नाहीत. हिरवा, लाल, जो असेल त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. "डोळ्याला काही दिलं की कान आळशी होतो," म्हणायच्या. पडदा ओढायच्या, आणि भर दुपारी त्या खोलीत बोट दिसायचं नाही.

आता माझं सांगतो.

पितृपक्षात हिरा गेली. चार दिवस ताप, पनवेलचा दवाखाना, आणि गेली. ती दिवसभर बोलायची. भांड्यांशी बोलायची, म्हशीशी बोलायची, मी ऐकतो का नाही ते न बघता माझ्याशी बोलायची. ती गेल्यावर घर असं गप झालं की पाण्याचा पेला ठेवला तरी मी दचकायचो. आमच्यात वर्ष पाळतात. वर्षसराद होईतो घरात गाणं नाही, सण नाही, गोडधोड नाही. सून सुनीतानं टीव्हीवर चादर टाकली. तिचं बरोबरच होतं. मुलगा नोकरीला पुण्याला, आठवड्यानं येतो. घरात सून आणि मी, आणि सासऱ्याशी सून बोलून किती बोलणार.

दहाव्याच्या दिवशी बाई भेटायला आल्या. उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या, सवयीनं दोन्ही हात वर आले, आणि तिथंच थांबले. हात खाली घेतले आणि माझ्यासमोर बसल्या. भिंतींबद्दल अक्षरही काढलं नाही.

नवरात्रात सुनीता म्हणाली, "अन्ना, बाईंच्या खोलीतनं आवाज येतो. आपल्याकडं दुक हाय. जरा सांगता का?" मी गेलो. दार वाजवलं. म्हणालो, "बाई, जरा बारीक करा, आमच्यात पाळनूक हाय." बाईंनी लगेच बंद केलं. म्हणाल्या, "चुकलंच माझं. बसा, पाणी देते." मी बसलो. ती खुर्ची पेट्यांच्या बरोबर समोर होती. त्या पाणी घेऊन आल्या तरी मी उठेना. पाणी पिऊन झालं तरी उठेना. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अगदी हळू लावू? बाहेर जाणार नाही एवढं?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पडवळ देण्याच्या निमित्तानं गेलो. तिसऱ्या दिवशी निमित्त सुचलं नाही तरी गेलो. बायकोला जाऊन महिना नाही झाला, घरात चादरीखाली टीव्ही, आणि मी दुपारी एकट्या बाईच्या घरात गाणं ऐकत बसलेला. मला ते दिसत नव्हतं असं नाही. म्हणून रस्त्यानं जायचो नाही. गोठ्यामागून बांधावर उतरायचो, बाभळीच्या आडून त्यांच्या मागच्या दारी. चोरी करणारा जातो तसा.

पण गावात बांधालाही डोळे असतात. चुलतभाऊ भिकाजी एकदा आडवा आला. "काय रं दामू, वैनीचं सुतक लवकर फिटलं वाटतं?" मी म्हणालो, "बाईंच्या नळाचं बगाया गेलतो." तो म्हणाला, "रोज गळतो व्हय रं नळ? का दुपारीच गळतो?" एरवी मी त्याला तिथंच सोलून काढला असता. पण मी खाली बघून चालू लागलो. घरी सुनीतानं ताट वाढलं आणि आत निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

एवढं होऊन मी जात राहिलो, कारण बाईंना माझं काम पडलं होतं. त्यांच्या खास तबकड्यांना दोन थर असतात. एक साधा, कुठल्याही मशीनवर वाजणारा. दुसरा बारीक, त्यात म्हणे सगळं असतं, वादकाचं बोट तारेवरून सरकलेलंसुद्धा. तो वाजवायला खास मशीन लागतं, बाईंचं ते तसलं. मधे गावात विजेचा दाब एकदम वाढला होता, त्यात ते जळालं, आणि मुंबईहून दुरुस्त होऊन आलं होतं. आता बाईंना त्याच्याशी जुळणारं ताकदीचं मशीन नवीन घ्यायचं होतं, आणि आणलेलं मशीन बारीक थराला न्याय देतं का ते ठरवायचं होतं. त्यासाठी एकच गाणं आधी साध्या तबकडीवर लावायच्या, मग खास तबकडीवर.

"आता सांगा, दामूभाऊ. फरक?"

मला काडीचा फरक कळला नाही. कारखान्यात हवा दाबायच्या मशीनशेजारी उभा राहून माझे कान निम्मे गेलेले. कुणी दुसरं विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, दोनी सारकीच, काय येडपना लावलाय. पण बाई पुढं वाकून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. माझ्या मनात आलं, नाही म्हणालो तर ह्यांना माझा उपयोग काय? मग ही खुर्ची गेली. मग आपण, ओटी, आणि ते गप घर.

"हाय की," मी म्हणालो. "लय फरक हाय. दुसरीत मोकळं वाटतं."

बाईंचा चेहरा असा फुलला की मला लाज वाटली. लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच बोललो. मग तर मी सुधारत गेलो. "ह्या मशनीवर तबला मडक्यात वाजल्यावानी वाटतो." "ही जोडी चांगली हाय बाई, ही भांडत नाय." बाई माझ्या बोलण्यावर मशीनं परत पाठवायच्या आणि दुसरी मागवायच्या. पाहुण्यांना सांगायच्या, "ह्यांचे कान बघा. शिकून येत नाही हे." मी पायाच्या अंगठ्याकडं बघत बसायचो.

शिमग्याच्या आधी एके दिवशी सकाळी, मी ओटीवर बसलेलो, भिकाजी तंबाखू मळत शेजारी, सुनीता अंगणात मिरच्या वाळत घालत होती. बाई रस्त्यानं आल्या. भरभर, छत्री न घेता, चष्मा कपाळावर. टाळीबिळी काही नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "दामूभाऊ, मी मशीन पुसायला घेतलं. चिकटपट्टी निघाली. बारीक थराचा दिवा लागतच नाही. दुरुस्ती करणाऱ्यानं ते साध्या थरावर ठेवून पाठवलं होतं. इतके महिने आपण दोन्ही वेळा साधाच थर ऐकतोय."

मला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि कानशिलं तापली.

"म्हणजे फरक नव्हताच," बाई म्हणाल्या. "नसलेला फरक तुम्ही मला रोज सांगत होता."

भिकाजीचा हात तळव्यावर थांबला. सुनीता मिरची हातात धरून उभी. मी, ज्याच्या तोंडाला गाव भितं, पायाच्या अंगठ्याकडं बघत बसलो. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाल्या, "दुपारी या. आता नीट लावलंय."

त्या गेल्यावर भिकाजी म्हणाला, "नळ दुरुस्त झाला म्हनायचा." सुनीता त्याच्यावर खेकसली, "काका, तुमी जावा घरी." सून माझ्या बाजूनं बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं.

दुपारी गेलो, बांधावरूनच. बाईंनी पडदा ओढला नव्हता. मशीनवरचा बारीक थराचा निळा दिवा उघडा होता. त्यांनी गाणं साध्या थरावर लावलं, मग बारीकवर. माझ्याकडं न बघता विचारलं, "आता?"

"नाय बाई," मी म्हणालो. "काय बी फरक नाय."

बाईंनी गाणं थांबवलं. मग म्हणाल्या, "मलाही नाही."

"म्हंजी?"

"मलाही नाही ऐकू येत. दोन पावसाळे झाले. वरचे सूर गेले माझे. डॉक्टर म्हणाले, वय आहे, ते परत येत नाहीत."

मला राग आला. स्वतःची लाज होती, तिचाच राग झाला असेल. "मंग मला कशाला इचारत व्हता रोज?"

"तुम्ही हो म्हणायचात म्हणून," बाई म्हणाल्या. "कुणाला तरी ऐकू येतंय, म्हणजे ते तिथे आहे, असं वाटायचं. आणि तुम्ही तर तोंडावर बोलणारे. तुम्ही खोटं बोलाल असं डोक्यात आलं नाही." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही का बोललात?"

तिथं दुसरं कुणी नव्हतं. म्हणालो, "खुर्ची जाईल म्हनून. घरात बसवत नाय. आन ती गानारी बाई सूर धरायच्या आदी श्वास घेते. तेवडा मला आयकाय येतो. हिरा चुलीम्होरनं उठताना घ्यायची, तसाच. गान्यातलं मला बाकी काय कळत नाय."

एवढं बोललो आणि उठून पळून जावंसं वाटलं. बाईंनी मशीनकडं पाहिलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"तो श्वास दोन्ही थरांत आहे, दामूभाऊ," त्या म्हणाल्या. आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

त्यानंतर मशीनं मागवणं बंद झालं. होती ती जोडी तशीच राहिली. "आता सुखानं नांदू दे त्यांना," म्हणाल्या. बाई कधी पेटीला तळहात लावून बसायच्या, मी समोर. बोलणं फारसं नाही. पण जायचो मी अजून बांधावरूनच. तेवढी हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही. एकदा त्या म्हणाल्या, "पुढचं दार उघडं असतं हो." मी म्हणालो, "बांदानं जवळ पडतं." जवळ पडत नव्हतं, लांब पडायचं.

चैत्रात बाई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. खोपोलीच्या दवाखान्यातून परत आणलं ते आठ-दहा दिवसांपुरतं, सामान आवरायला. भाचा ठाण्याहून गाडी घेऊन आला. पेट्या आणि मशीनं मुंबईचा कुणी माणूस आधीच घेऊन गेला होता. जायच्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर. पांडू गिरणी बंद करून आलेला. बायका, सरपंचीणबाई, भिकाजी, सुनीता. मीही गेलो. रस्त्यानं गेलो, पण गर्दीच्या मागं उभा राहिलो.

बाईंना खुर्चीसकट उचलून गाडीपाशी आणलं. कानात नवीन यंत्र बसवलेलं होतं. त्या प्रत्येकाकडं बघत होत्या. मला त्यांनी शोधून काढलं आणि हात पुढं केला. गर्दी बाजूला झाली. मला पुढं जावं लागलं. भाचा सभ्य माणूस. हसून म्हणाला, "आत्या तुमच्याकडेच बघतेय. आपण कोण?"

साधा प्रश्न होता. शेजारी, म्हणालो असतो तरी चाललं असतं. रोज येऊन ऐकायचो, हे म्हणायला हवं होतं. पण भिकाजी डोळे बारीक करून उभा, बायका पदर दाताखाली धरून. हिराचं वर्ष अजून व्हायचं होतं. माझ्या तोंडातून निघालं, "मी बागंला पानी घालायचो बाईंच्या."

बाईंच्या बागेत होतं काय, कुंपणाला दोन मोगरे, तेही वाळत आलेले. सगळ्या गावाला ते माहीत.

यंत्रामुळं बाईंना ते नीट ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. मग भाच्याला म्हणाल्या, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा, "हो रे. बागेला पाणी घालायचे. रोज दुपारी. फार मन लावून."

भाच्यानं माझा हात हातात घेऊन आभार मानले. बाईंना गाडीत बसवलं, काच वर गेली. मोटार वळून जुन्या रस्त्याला लागेपर्यंत लोक उभे होते, आणि मोटार गेल्यावर ते माझ्याकडं वळले.

मी कुंपणाच्या आत गेलो. नळाची नळी कुठं असते तेही मला माहीत नव्हतं, ती शोधावी लागली. मग सगळ्यांच्या देखत, भर उन्हात, मी त्या दोन मोगऱ्यांना पाणी घालत उभा राहिलो.